शिडीची चौथी पायरी

काकूंचा डोंगल मेला तो सोमवारी सकाळी. तो काकूंच्याच काळजीनं मेला, हे कळायला मध्ये थोडे दिवस जावे लागले.

डोंगल म्हणजे बोटाच्या पेराएवढा निळा तुकडा. तो कॉम्प्युटरला लावला की भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडायचं, काढला की उघडायचं नाही. सॉफ्टवेअर विकत घेतल्याचा पुरावाही तोच आणि किल्लीही तीच. काकूंनी तो घेतला त्या वर्षी घरात नवा फ्रिज घ्यायचं ठरलं होतं. फ्रिज पुढे कितीतरी वर्षं जुनाच राहिला आणि त्याच्यात बर्फाचा डोंगर साचला की सासूबाई त्या सॉफ्टवेअरचं नाव काढत.

घराच्या मागच्या खोलीत काकूंचं वर्कशॉप होतं. भरतकामाचं कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन, भिंतभर धाग्यांच्या रिळांची मांडणी, एक लांब टेबल. डिझाईन काकू करत, मशीन नवरा चालवत असे आणि मशीनवरून उतरलेल्या कापडाचे सुटे धागे सासूबाई छोट्या कात्रीनं कापत. गणवेशांचे बिल्ले, डॉक्टरांच्या कोटांवरची नावं, टोप्यांवरची चिन्हं असं काम असायचं.

काकूंचा दुसरा संसार फोरमवर होता. कॉम्प्युटर-भरतकाम करणाऱ्यांचा तो फोरम. गावोगावचे वर्कशॉपवाले, मशीन चालवणारे आणि डिझाईन करणारे त्याचे सभासद. दुसऱ्या फोरमांवर चर्चेला धागा म्हणतात. इथे धागा ही विकत आणायची वस्तू असल्यामुळे चर्चेला चर्चाच म्हणत. सुई का तुटते, टोपीच्या कडेला टाका का ओढला जातो, काळा रंग कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे विषय. काकू तिथे मॉडरेटर होत्या. म्हणजे भांडणं सोडवायची, नियम मोडणाऱ्याला बाहेर ठेवायचं आणि त्याबद्दल कोणाकडूनही आभाराची अपेक्षा करायची नाही. सभासद त्यांना तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे फौजदार. दोन्ही नावं त्यांना माहीत होती.

प्रत्येक फोरमवर एक भांडण असतं जे कधी मिटत नाही. इथलं भांडण क्रॅकचं होतं. क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, डोंगलशिवाय चालणारं आणि फुकट. निम्मे सभासद ते वापरत. उरलेले निम्मे, आपण वापरत नाही असं सांगत. काकूंचा नियम साधा होता. क्रॅक कुठे मिळतो ते सांगितलं किंवा तो आपण वापरला असं लिहिलं, तर लिहिलेलं काढून टाकलं जाईल आणि लिहिणारा महिनाभर बाहेर.

या नियमाविरुद्ध सगळ्यात जास्त लिहिणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव मुक्तछंद असं घेतलं होतं. क्रॅक कुठे मिळतो हे तो कधी सांगत नसे, आपण वापरतो असंही लिहीत नसे, त्यामुळे त्याला बाहेर काढता येत नव्हतं. तो फक्त तत्त्व मांडायचा. त्याचं म्हणणं असं, की गोठ्यातला बैल चोरला तर गोठा रिकामा होतो. फाईल उतरवून घेतली तर दोन गोठ्यांत दोन बैल होतात. यात चोरी कुठे झाली? काकूंनी त्याला एका ओळीचं उत्तर दिलं होतं: मग पहिला बैल बाजारात कोण विकत घेईल? त्यावर चर्चा इतकी लांबली की शेवटी दोन खऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांनी येऊन बैलांच्या किमतींबद्दल वेगळाच वाद सुरू केला.

कधी पेटंटचा विषय निघे. एकानं मोज्यांवर भरतकाम करायला पाइपच्या तुकड्यांची फ्रेम घरीच बनवली होती. दुसऱ्यानं त्याला बजावलं की अशा फ्रेमचं पेटंट कोणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. बाजू पडल्या, लोक एकमेकांचं शिक्षण काढू लागले. शेवटी फ्रेमवाल्यानं कळवलं की त्यानं ती केव्हाच मोडली होती, कारण तिच्यावर मोजे तिरकेच यायचे.

आणि एकदा घोड्याचं प्रकरण झालं. एका वर्कशॉपमधला कारागीर नोकरी सोडताना त्यानंच केलेलं घोड्याचं डिझाईन घेऊन गेला आणि दुसरीकडे विकू लागला. मालक आणि कारागीर दोघेही सभासद. काकूंनी कायदा वाचला, दोन वकिलांना विचारलं आणि निकाल लिहिला: वेगळं काही ठरलं नसेल, तर नोकरीत केलेलं काम मालकाचं. मुक्तछंदनं त्यावर लिहिलं, "म्हणजे हात याचे, डोळे याचे, आणि घोडा त्याचा?" काकूंनी लिहिलं, "हो." कारागीर फोरम सोडून गेला.

डोंगलबद्दलही काकूंनी एक सूचना लिहून फोरमच्या अगदी वर लावून ठेवली होती. डोंगल हरवला तर कंपनी दुसरा देत नाही. म्हणून रोज काम संपलं की तो काढावा, डबीत घालावा, कुलपात ठेवावा. काकू स्वतः तसंच करत. संध्याकाळी डोंगल डबीत, डबी कपाटात, किल्ली गळ्यात. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "माझ्या मुलालाही असंच रोज आत ठेवत जा. सकाळी जागेवर तरी सापडेल."

त्या सोमवारी डोंगल लावला तर त्याचा दिवा लागला नाही. काकूंनी तो काढून पुन्हा लावला. नवऱ्यानं त्यावर फुंकर मारली. दुसऱ्या खाचेत घातला, मग शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. दिवा कुठेच लागला नाही. काकूंनी कंपनीचा नंबर फिरवला. फोन गाद्यांच्या दुकानात लागला. दुकानदाराला असे फोन घेण्याची सवय होती. सॉफ्टवेअरवाले केव्हाच बंद करून गेले, असं त्यानं सांगितलं आणि गादी बघायची असेल तर पत्ता पाठवायची तयारी दाखवली.

त्याच दुपारी अग्निशमन केंद्राचे साहेब आले. केंद्रातल्या सगळ्या जवानांचे बिल्ले काकू करत. इतर कामं हंगामी होती. मशीन बारा महिने चालायचं ते या एका कामावर. साहेब नवीन होते आणि त्यांनी बिल्ला प्रथमच नीट पाहिला होता. बिल्ल्यावर ज्वाळा होत्या आणि ज्वाळांसमोर शिडी. साहेबांचं बोट शिडीवर होतं.

"हिला तीनच पायऱ्या आहेत," ते म्हणाले.

काकूंनी सांगितलं की पहिल्यापासून तीनच आहेत.

"तीन पायऱ्यांची शिडी आमच्याकडे नाही. ती लोक घरात माळ्यावरचे डबे काढायला वापरतात. चार तरी करा."

महिनाअखेरीला संचलन होतं आणि त्या दिवशी सगळ्यांच्या बाहीवर नवा बिल्ला हवा होता. जमणार नसेल तर तसं आत्ताच सांगा, दुसरीकडे बघतो, असंही साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले. काकूंनी जमेल असं सांगितलं. साहेब गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं जमेल. काकू म्हणाल्या, ते अजून माहीत नाही.

अडचण अशी होती. मशीनला जी फाईल देतात तिच्यात नुसते टाके असतात: सुई इथे, मग तिथे, मग तिथे. शिडी कुठली आणि ज्वाळा कुठली हे त्या फाईलला ठाऊक नसतं. त्यामुळे जुना बिल्ला हवा तितका काढता आला असता, पण त्यात एक पायरी घालता आली नसती. ते करायला मूळ फाईल लागते, आणि मूळ फाईल उघडायला ते सॉफ्टवेअर. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर ती फाईल वाचत नव्हतं, आणि ते घ्यायचं तर फ्रिजवर भागणारं नव्हतं. प्रश्न एका बिल्ल्याचाही नव्हता. काकूंनी इतक्या वर्षांत केलेली सगळी डिझाईन्स तशाच फाईलींत होती. डिझाईन त्यांची, मालकी त्यांची, कॉम्प्युटरही त्यांचा. उघडता मात्र येत नव्हती.

नवरा मशीनकडे तोंड करून म्हणाला की क्रॅक नावाचा एक प्रकार असतो असं ऐकून आहे. त्यानं बॉबिन बदलली, जी बदलायची गरज नव्हती.

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. "पैसे भरून घेतलंस ना तू ते?"

"हो."

"मग दार तोडलं तरी घर आपलंच आहे की."

काकूंनी सांगितलं की घर आपलं नाही. सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे ते वापरायची परवानगी विकत घेतली, आणि ती परवानगी डोंगलसकट होती. सासूबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे फ्रिज गेला तो भाड्याच्या घरासाठी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा धागे कापू लागल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फोरमवर प्रश्न टाकला. समजा एखाद्यानं सॉफ्टवेअर रीतसर घेतलं, डोंगल बिघडला आणि कंपनी बंद झाली, तर त्यानं काय करावं? उत्तरं ताबडतोब आली. पहिल्या काही जणांनी काकूंचीच जुनी वाक्यं उतरवून खाली चिकटवली. "गैरसोय हे कारण नाही." "कुलूप कोणाचं आहे ते आधी पाहा." "नियम सोयीचा असता तर त्याची गरज पडली नसती." वाक्यं चांगली होती, काकूंना ती लिहिल्याचं आठवत होतं. मग एकानं सरळच विचारलं, "काकू, या समजाचा डोंगल कधी गेला?"

काकूंनी लिहिलं, "सोमवारी. माझाच आहे."

मग कोटांवर नावं भरणाऱ्या एका बाईंनी लिहिलं की त्यांचाही डोंगल गेला आहे, पण लाजेनं सांगितलं नव्हतं. टोप्यांवाल्यानं लिहिलं, माझाही. शाळेचे गणवेश करणाऱ्यानं लिहिलं की त्याला वाटत होतं घरातल्या लहान मुलीनं काही केलं, आणि तिला तो उगाच ओरडला. आणखी कोणीतरी लिहिलं. मग एकानं विचारलं, हे सगळे लोक डोंगल रोज काढून कुलपात ठेवत होते का?

सगळे ठेवत होते. काकूंच्या सूचनेप्रमाणे.

क्रॅकवाल्यांपैकी कोणाचं काही बंद पडलंय का, असं एकानं चौकशीदाखल विचारलं. कोणाचंच पडलं नव्हतं. त्यांनी ते फार आनंदानं कळवलं आणि काकूंनी त्यांना महिनाभरासाठी बाहेर काढलं, कारण क्रॅक वापरतो असं लिहिणं नियमाविरुद्ध होतं.

दोन दिवसांनी मुक्तछंदचं उत्तर आलं. रोज काढ-घाल केली की डोंगलच्या आतल्या पट्ट्या झिजतात, असं त्यानं समजावून लिहिलं. तो कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावायचा, वरून चिकटपट्टी मारायची आणि विसरून जायचं. उत्तर एवढंच होतं. पण त्याच्याखाली, मजकूर बदलला आहे, अशी बारीक नोंद दिसत होती. सभासदांना फक्त बदललेला मजकूर दिसतो. मॉडरेटरला आधीचाही दिसतो. आधीच्या मजकुरात शेवटी आणखी एक वाक्य होतं: "माझा अजून पहिल्या दिवसासारखा चालतो."

काकूंनी ते वाक्य दोनदा वाचलं. फोरमवर त्यांनी त्याबद्दल काही लिहिलं नाही. मुक्तछंदला खासगी निरोप पाठवला: तुम्ही खोडलेली ओळ मला दिसते. बऱ्याच वेळानं उत्तरादाखल नुसता एक फोन नंबर आला.

काकूंच्या डोक्यात मुक्तछंद म्हणजे पंचविशीतला, दाढी राखलेला मुलगा होता. फोनवर खोकणारा, साठीच्या पुढचा आवाज निघाला. मागे मशीन चालू होतं. तो हॉटेलांच्या टॉवेलांवर हॉटेलांची अक्षरं भरायचं काम करत होता.

"बोला काकू," तो म्हणाला.

"तुम्ही मला काकू म्हणू नका. तुम्ही मोठे आहात."

"सवय झालीय हो आता."

त्यानं आधी विचारलं, कोणाला सांगितलं का. काकूंनी नाही म्हटल्यावर त्याचा आवाज सैल झाला. डोंगल त्यानं सॉफ्टवेअर निघालं त्या पहिल्याच वर्षी घेतला होता. खरं म्हणजे बायकोनं घ्यायला लावला होता. "ती म्हणाली, बाहेर काय बोलायचं ते बोल, पण माझ्या घरात चोरीचं चालणार नाही. आणि भांडण तत्त्वाचं आहे काकू. धंदा वेगळा."

मग त्यानं आपणहून सांगितलं की तो डोंगल कुरियरनं पाठवतो. काम करून घ्यावं आणि परत पाठवावा. काकूंनी विचार करून सांगते म्हटलं, आणि त्या दिवशी सॉफ्टवेअरचा करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हा करार मान्य आहे, असं त्यांनी बारा वर्षांपूर्वी एका बटणावर दाबून सांगितलं होतं; वाचला आजच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला आणि डोंगल उसना देणं करारात बसत नाही असं कळवलं.

पलीकडे खोकल्याची उबळ आली. "अहो, कंपनी मेलीय. तिथे आता गाद्या विकतात. तक्रार करणार कोण?"

"मी," काकू म्हणाल्या.

काकू पुढे म्हणाल्या की करारात एक कलम आहे. परवानाधारकानं किंवा त्याच्या नोकरानं, परवानाधारकाच्या जागेत, सॉफ्टवेअर वापरलं तर चालतं.

"मग?"

"मला नोकरीवर ठेवा. एका दिवसासाठी."

मागचं मशीन थांबलं. "काय म्हणालात?"

काकूंनी पुन्हा सांगितलं. पेन ड्राइव्ह घेऊन त्या बसनं येतील, काम करतील आणि संध्याकाळी नोकरी सोडतील. नेमणुकीचं पत्र त्या स्वतः टाइप करून आणतील. मुक्तछंद म्हणाला की त्यानं आयुष्यात कोणाला नोकरीवर ठेवलं नाही, तो मालक या प्रकाराच्याच विरुद्ध आहे. आतून बाईचा आवाज आला, कोण आहे हो. तो म्हणाला, "नोकरी मागतायत." बाई म्हणाली, "मग ठेवा की. टॉवेल पडलेत ढीगभर."

मुक्तछंदचं घर लाँड्रीच्या वर होतं. जिन्यापासून टॉवेलांच्या थप्प्या सुरू होत होत्या. तो बारीक, वाकलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता आणि घरात त्याची बायको त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होती. काकूंनी पत्र पुढे केलं. पद: डिझाईन करणे. मुदत: आजचा दिवस. वेतन: दुपारचं जेवण. त्यानं न वाचताच सही केली.

"वाचलं नाहीत तुम्ही," काकू म्हणाल्या.

"मी आजवर एकही करार वाचलेला नाही, हे काय वाचू?"

डोंगल कॉम्प्युटरच्या मागे होता. वरची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती. दिवा लागलेला होता. काकूंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

फाईल उघडली. शिडी, ज्वाळा, खालची पट्टी, सगळं आपापल्या जागी वेगवेगळं होतं. नुसती चौथी पायरी वर टाकून भागणार नव्हतं. मग शिडी ज्वाळांच्या बाहेर डोकावली असती. तिन्ही पायऱ्या सरकवून अंतरं नव्यानं लावायची, नव्या पायरीखाली पायाचे, म्हणजे आधाराचे टाके घालायचे आणि तिच्यामागची ज्वाळा तेवढीच कापायची, नाहीतर टाक्यांवर टाके बसून सुई तुटते. मुक्तछंद मागे उभा राहून बघत होता. मध्येच त्यानं सुचवलं की नवी पायरी बाकीच्यांपेक्षा केसभर जाड ठेवा, मधली पायरी बारीक असली की कापड ओढून आणखीच बारीक होते. बरोबर होतं. काकूंनी तशी ठेवली.

जेवणाआधी नमुना काढला, हॉटेलच्या एका डागाळलेल्या टॉवेलवर. चार पायऱ्या सरळ आल्या. मुक्तछंदच्या बायकोनं टॉवेल उजेडात धरला आणि म्हणाली, आता ही शिडी दिसते. जेवण झालं. काकूंनी फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि मग पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"एक अडचण आहे," त्या म्हणाल्या.

"अजून?"

"ही पायरी तुमची झाली."

मुक्तछंदला कळलं नाही. काकूंनी समजावून सांगितलं. शिडी त्यांची, ज्वाळा त्यांच्या. पण आजचं काम त्यांनी त्याच्या नोकरीत केलं, आणि पत्रात वेगळं काही लिहिलेलं नाही. ते लिहायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, करारात डोकं असल्यामुळे. तेव्हा चौथ्या पायरीचा मालक तो.

मुक्तछंद इतका हसला की बायकोला पाणी आणावं लागलं. "घोडा," तो म्हणाला. "हात यांचे, डोळे यांचे..."

"हो. तोच निकाल."

"अहो घेऊन जा. माझा कुठे विश्वास आहे मालकीवर?"

"तोंडी चालत नाही. लिहून द्या."

त्यानं कागद ओढला, पेन उघडलं. तारीख लिहिली. मग त्याचा हात थांबला. त्यानं टॉवेल उचलला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि पायरीवरून अंगठा फिरवला. टाके घट्ट होते, कडा स्वच्छ होत्या. सगळा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या हॉटेलांची अक्षरं भरली होती, आणि तीही हॉटेलांनी काढून दिलेली.

"जाड ठेवायचं मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

"हे अग्निशमनवाले बाहीवर लावणार?"

"सगळे. संचलनात."

त्याची बायको म्हणाली, "देऊन टाका हो, बाईंची बस चुकेल."

"देतो की," तो म्हणाला. "वापरायला देतो." तो खुर्चीत नीट बसला. "मालकी राहू दे. एकच पायरी आहे. बघू तरी कसं वाटतं."

काकूंनी वाद घातला नाही. त्याला तो अधिकार होता. त्यांनी परवानगीचा कागद स्वतःच्या हातानं लिहिला: सदर पायरी अग्निशमन केंद्राच्या बिल्ल्यासाठी वापरण्यास हरकत नाही. मुक्तछंदनं तो वाचला आणि खाली एक ओळ वाढवायला सांगितली, की इतर कोणीही मालकाला विचारल्याशिवाय नक्कल करू नये. काकूंनी ती ओळ वाढवली आणि दोघांनी सह्या केल्या.

बिल्ले वेळेत गेले. संचलनाच्या दिवशी काकू आणि नवरा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. जवान रांगेनं गेले, साहेब सगळ्यांत पुढे. नंतर साहेबांनी येऊन सांगितलं की काम दुसरीकडे द्यायचा विषय आता संपला. घरी सासूबाईंनी उरलेला एक बिल्ला हातात घेऊन पायऱ्या मोजल्या आणि विचारलं, यातली परक्याची कुठली. काकूंनी खालून तिसरी दाखवली. "चांगली जाड आहे," सासूबाई म्हणाल्या.

फोरमच्या वर लावलेली जुनी सूचना काकूंनी काढली. नवी लावली: डोंगल काढू नये. आधीची सूचना माझी होती आणि ती चुकीची होती. क्रॅकचा नियम मात्र आहे तसाच ठेवला. त्याच्याखाली नोकरीची पद्धत सविस्तर लिहिली, फक्त मालकाचं नाव घातलं नाही. कोटांवाल्या बाई त्यानंतर टोप्यांवाल्याच्या मेव्हण्याकडे एक दिवस नोकरीला लागल्या. मुक्तछंदनं या पद्धतीची फोरमवर रीतसर टिंगल केली.

मग एका सभासदानं संचलनाच्या फोटोवरून तो बिल्ला जसाच्या तसा बनवला आणि फोरमवर ठेवून दिला. घ्या, फुकट, ज्वाळा एक नंबर आल्यात, असं त्यानं लिहिलं होतं. लोक उतरवून घेऊ लागले. काकूंचं लक्ष जायच्या आत तक्रार आली होती. तक्रार करणाऱ्याचं नाव मुक्तछंद. मजकूर एवढाच होता: "हे बरोबर नाही. कोणाचे तरी कष्ट आहेत यात."

फोरमवर खळबळ माजली. मुक्तछंदचं खातं कोणीतरी बळकावलंय, असं बहुतेकांचं मत पडलं. एकानं बैलाची आठवण करून दिली. मुक्तछंदनं लिहिलं की बैलाची गोष्ट वेगळी आहे. कशी वेगळी, ते त्यानं लिहिलं नाही. काकूंनी बिल्ला काढून टाकला आणि ठेवणाऱ्याला महिनाभर बाहेर बसवलं. थोड्या वेळानं त्यांना खासगी निरोप आला: किती जणांनी घेतला होता? काकूंनी पाहून सांगितलं, नऊ. उत्तर आलं: एवढेच?

पुढच्या महिन्यात काकूंना एका रुग्णालयाचं जुनं डिझाईन बदलायचं होतं. त्या पुन्हा बसनं गेल्या. जिन्यातले टॉवेल वाढले होते. या वेळी नेमणुकीच्या पत्रात त्यांनी शेवटी एक ओळ घातली होती, की आज केलेलं काम नोकराच्या मालकीचं राहील.

मुक्तछंदनं पत्र हातात घेतलं, खिसे चाचपले, चष्मा कपाळावर सापडला. तो खुर्चीत बसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. बायकोनं आतून हाक मारून पानं वाढल्याचं सांगितलं. तो म्हणाला, थांब जरा. शेवटच्या ओळीवर येऊन त्यानं बोट ठेवलं.

"ही कशाला?"

"घोड्यासाठी," काकू म्हणाल्या.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग पेन काढलं आणि विचारलं, यात थोडा बदल करता येईल का.